पडद्यावरची म्हैस

वडिलांची अट सरळ होती. मंडईच्या दिवशी आमच्या सानगडीतली माणसं माझ्या चित्रापुढे थांबली, तर मी चित्रकला शिक्षिकेच्या कोर्ससाठी नागपूरला जायचं. नाही थांबली, तर दुकानात बसायचं. आमचं कापडाचं दुकान होतं. मुलीच्या शिकण्याला त्यांची हरकत नव्हती, चित्रांना होती. घरोघरी कॅलेंडर असतं, पण लोक वरच्या देवाला सकाळी एकदा हात जोडतात आणि मग दिवसभर खालच्या तारखाच पाहतात, असं ते म्हणायचे. हे खोटं आहे असं मला म्हणता येईना, म्हणून अट मान्य केली.

हे साल ऐंशीच्या आसपासचं. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री नाटक, आणि घरात पाहुणे इतके की आंघोळीला नंबर लागतो. त्या वर्षीच्या पाहुण्यांत माझा आतेभाऊ होता. त्याला दर सुट्टीत एक नवी कल्पना सुचायची आणि ती निस्तरायला दुसरं कोणीतरी लागायचं.

त्याचं म्हणणं, नाटकाच्या पडद्यावर एवढा राजवाडा, एवढं जंगल रंगवतात, आणि त्यात हिंडतात फक्त नट. आपण पाहणाऱ्यालाच आत सोडू. खेळ असा: तुमची म्हैस हरवली आहे, शोधून काढा. बांबूवर गुंडाळलेले पाच पडदे एकामागे एक. खेळणाऱ्याने लांब काडीने चित्रात हात घालायचा, म्हणजे जिथे जावंसं वाटेल तिथे टेकवायची. जागा बरोबर असली की पडदा वर जाणार आणि मागचा दिसणार. चुकली की आतेभाऊ थाळी वाजवणार आणि तुम्ही बाद. पहिल्या पडद्यावर गावची वेस, मग बोडी, म्हणजे आमच्याकडचा छोटा तलाव, मग जंगल, मग किल्ल्याचा दरवाजा, आणि शेवटच्या पडद्यावर किल्ल्यात म्हैस. माझा भाचा हल्ली कॉम्प्युटरवर जुने खेळ खेळतो, हाताने रंगवलेली चित्रं, त्यात बाण नेऊन टिचकी मारायची. मला तो हे नवीन म्हणून समजावून सांगत होता. मी ऐकून घेतलं.

पाचही पडदे मी रंगवले. दुकानातला मांजरपाट अंगणात ताणला, त्यावर भाताची पेज आणि खडूची पूड फासली. रंगांत गेरू, नीळ, डिंकात कालवलेल्या पुड्या, आणि काळ्यासाठी चिमणीची काजळी. झाडांचा पाला काढायला शिंदीची काडी ठेचून घेतली, आभाळाला आतेभावाचा दाढीचा ब्रश. पेज संपते म्हणून आई ओरडत होती, नीळ सांडली म्हणून आमची पांढरी कोंबडी निळी होऊन हिंडत होती, आणि मला कारण नसताना हसू येत होतं. एवढं मोठं आभाळ मी याआधी कधी काढलं नव्हतं. पायात चपला न घालता आभाळावर चालत मी ते रंगवत होते.

बोडीच्या पडद्यावर मात्र काजळीची वाटी कलंडली, नेमकी पाण्याच्या मधोमध. पुसलं तर पसरलं असतं. मी त्याचा दगड केला, वर पांढऱ्याचे दोन फटकारे मारून ओला दाखवला, आणि पुढे गेले.

मंडईच्या दिवशी आतेभावाने बक्षिसाला एकच नारळ आणला. संध्याकाळपर्यंत कोणी किल्ल्यात पोचत नाही, अशी त्याची खात्री होती.

पहिली आली दिघोरीची एक बाई, डोक्यावर नवी टोपली. वेशीतून तिने झटक्यात बोडीची वाट धरली. दुसरा पडदा दिसला आणि तिने काडी थेट दगडावर टेकवली.

आतेभावाने थाळी वाजवली.

"कायले वाजवून राहिला बापू? ही बसली न म्हैस."

"मावशी, तो दगड हाये. म्हैस समोर हाये, किल्ल्यात."

"भर दुपारी म्हैस किल्ल्यात जाते? तुह्या बापानं पाह्यली होती का अशी म्हैस?"

लोक जमायला लागले. कोणी म्हणे शिंगं पाण्याखाली आहेत. कोणी म्हणे पाठ बघा, गाभण दिसते. एका म्हाताऱ्याने तिचा कान हललेला पाहिला. आतेभाऊ घसा फोडून सांगत होता की अजून तीन पडदे आहेत, जंगल आहे, वाघ आहे. वाघात कोणालाच रस नव्हता. बाईने नारळ उचलून टोपलीत टाकला आणि तिथेच उभी राहिली, बाकीच्यांना म्हैस दाखवायला. जिलबीवाल्याच्या पुढची गर्दी आमच्याकडे आली, आणि मागोमाग खुद्द जिलबीवाला.

मग वडील आले. लोकांनी वाट दिली. त्यांनी आधी पडद्याचं कापड अंगठ्याने चोळलं, सवयीने. मग मला विचारलं, "हे काय हाये? दगड का म्हैस?"

म्हैस म्हटलं असतं तर सगळी मंडई माझ्या बाजूने होती. पण काढलेला दगड होता.

"दगड आहे, बाबा."

लोक नाराज झाले. बाई म्हणाली की पोरीला काय कळते, तिने फक्त काढली आहे. आणि तिने तोंडाने टक्‌ टक्‌ आवाज काढला, म्हशीला पाण्याबाहेर काढायला काढतात तसा. मागच्यांनी उचलून धरला. बघता बघता अर्धी मंडई माझ्या काजळीच्या डागाला हाका मारत होती. हसून हसून मला बांबू धरून उभं राहावं लागलं. पाणावल्या डोळ्यांनी पाहते तो वडील, कोसा रेशमाचा फेटा, हातात छत्री, दगडावर नजर लावून टक्‌ टक्‌ करत होते. आमच्या घरच्या म्हशीला रोज संध्याकाळी तेच बोलवत.

त्यांच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यांनी तोंड मिटलं.

"कापड कोणत्या ताग्यातलं घेतलं?"

"हलक्या."

"नागपूरले जाशील तं चांगलं नेजो," ते म्हणाले आणि दुकानाकडे गेले.

संध्याकाळी आवराआवर करताना आतेभावाने निदान आपल्यापुरता शेवटचा पडदा उघडला. सगळ्यात जास्त मेहनत मी त्याच म्हशीवर घेतली होती, शिंगं, शेपटी, डोळ्यातली चमक, सगळं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, बरं झालं कोणी इथपर्यंत आलं नाही.

मीही त्या म्हशीकडे पाहिलं. दगड दिसत होता.