कानात काय गेलं होतं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, दादाला नाही, माझा कान साफ करणाऱ्या डॉक्टरला नाही – आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या वाडीतले नाही. ऐकायचं तर ऐका, पण माझ्या डाव्या बाजूला बसा. उजव्या कानाने मला काही ऐकू येत नाही. आणि चेहऱ्यावर ते ‘अरेरे’ आणू नका. त्या ‘अरेरे’ची मला लहानपणापासून चीड आहे.

शाळेत असल्यापासून माझा उजवा कान वाहायचा. नुसता वाहिला असता तर एक वेळ चाललं असतं – त्याला वास यायचा. बाकावरची मुलगी हळूहळू सरकत पार टोकाला जाऊन बसायची. आई लसूण घालून खोबरेल तापवायची, कोमट झालं की कानात ओतायची. आमच्याकडे घरोघरी तेच. कान दुखला, ओत तेल. कान वाहिला, ओत तेल. मोठी झाल्यावर मिरजोळ्याला, एमआयडीसीतल्या आमरसाच्या कारखान्यात लागले, तर थोड्याच दिवसांत सुपरवायझरने लाईनवरून उठवून बाहेरच्या शेडमध्ये पॅकिंगला बसवलं. कारण सांगितलं नाही. सांगायची गरज होती का? बघायला येणारी माणसंसुद्धा चहा प्यायची, पोहे खायची आणि मग कळवतो म्हणून कळवायची नाहीत.

मग दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली. लांज्याकडची. दादा मुंबईत कंपनीत, ती इथे आमच्यात. पहिल्याच आठवड्यात बघते तर माझ्या उशीचा डाग पडलेला अभ्रा धुऊन दोरीवर. कोणाला काही बोलली नाही, मला नाही की आईला नाही. पुढे रोजच धुवायला लागली. माझ्या शेजारी बसून जेवायची, तीही उजव्या बाजूला. तुम्ही म्हणाल, चांगली होती की बिचारी. होतीच. तेच मला खपत नव्हतं. नाक मुरडणाऱ्याचा राग धरता येतो, मनातल्या मनात त्याला शिव्या घालता येतात. हिचं काय करायचं? तिला माझी घाण चालत होती, आणि म्हणून मला ती डोळ्यांसमोर नको व्हायची. आता तुम्हाला हे कळतंय का, मला ठाऊक नाही. नाही कळलं तरी चालेल.

आईच्या मागे लागून मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं तेही तिनेच. सायली, तिची मुलगी, तेव्हा नुकती शाळेत जायला लागलेली. तिला कडेवर घेऊन वहिनी आमच्याबरोबर रत्नागिरीत आली. डॉक्टर म्हणाले, पडद्यामागे कातडीचा गोळा वाढतोय आणि तो हाड खातोय. ऐकण्याची बारकी हाडं असतात, त्यातलीही खाल्लीत. असाच ठेवला तर उद्या तोंड वाकडं होईल, परवा मेंदूत जाईल. त्याला कोलेस्टिएटोमा म्हणतात. वहिनीने ते नाव घरी येईपर्यंत पाठ केलं. आईला ते शेवटपर्यंत म्हणता आलं नाही.

ऑपरेशन झालं. कानामागून कापतात, हाड पोखरतात, गोळा काढतात, नवा पडदा बसवतात. जाग आली तेव्हा डोक्याला पागोट्यासारखं बँडेज आणि खोली गरागरा फिरत होती. ओकाऱ्या. कान हाताला लागायचा, पण तो माझा वाटायचा नाही, बधिर. जिभेच्या एका बाजूला सगळ्याची चव लोखंडासारखी – सोलकढी प्याले तीसुद्धा तशीच. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. आणि पाणी – डॉक्टरांनी आम्हा तिघींना समोर बसवून बजावलं होतं. मी सांगेपर्यंत कानात पाण्याचा थेंब जाता कामा नये आणि तेलाचं तर नाव काढू नका. सांभाळलंत तर पुढे ऐकू यायचं काहीतरी करता येईल.

सांभाळत कोण होतं? वहिनी. मानेखालून आंघोळ घालायची, कानात कापसाचा बोळा बसवायची, वेळेवर थेंब टाकायची. केस मात्र धुवायचे नव्हते. रक्त, औषध, घाम – सगळं केसांत वाळून जटा झाल्या होत्या. इतकी वर्षं कानाचा वास, आता डोक्याचा. मला माझीच किळस यायची.

अशात स्थळ आलं. आणलं कोणी? तिनेच. तिच्या लांबच्या नात्यातला मुलगा, लांज्याला काजूच्या कारखान्यात. माझ्या कानाचं, ऑपरेशनचं सगळं आधी सांगून झालं होतं आणि तरी तो बघायला येणार होता. आदल्या दिवशी वहिनीने माझ्या केसांना तेल लावलं. कानात कापूस घालून, वरून हात धरून, बोटाच्या टोकाने. एकेक गुंता सोडवत बसली आणि म्हणाली, “उद्या वेणी घालूया छानशी. पण डोक्यावरनं पाणी घेऊ नका हां वन्सं.”

दुसऱ्या दिवशी ती सायलीला घेऊन बाजारात गेली, पाहुण्यांसाठी काहीबाही आणायला. आई शेजारी पाट मागायला गेली. मी न्हाणीत गेले आणि कडी लावली.

आता सांगतेच. मी डोक्यावरून गरम पाणी घेतलं. तांब्यावर तांब्या. शाम्पू लावला, केस चोळचोळून धुतले. कापूस भिजेल म्हणून आधीच काढून कोनाड्यात ठेवला होता – भिजेल म्हणून! कानात पाणी शिरलं ते मला समजलं. न्हाणी गरकन फिरली, मी भिंत धरून दगडावर बसले. तिथे तरी थांबावं की नाही? नाही थांबले. चक्कर ओसरल्यावर आणखी दोन तांबे घेतले. फार बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकते. मग पंख्याखाली केस वाळवले, कोणाला कळू नये म्हणून वरून पुन्हा थोडं तेल चोपडलं, आणि कापूस होता तसा बसवला. वहिनी आली, माझ्याकडे बघून म्हणाली, “बऱ्या दिसता हां आज.”

पसंती आली. आईने देवापुढे साखर ठेवली. आणि त्याच आठवड्यात कान ठणकायला लागला. ताप, चक्कर, पू. तो जुना वास.

डॉक्टरांनी कानात बघितलं आणि हातातलं खाली ठेवलं. नवा पडदा कुजला होता. “काय गेलं कानात? पाणी की तेल?” आई माझ्या शेजारी स्टुलावर. वहिनी बाहेर बाकावर, सायलीला मांडीवर घेऊन. मी म्हटलं, तेल. आई म्हणाली, कोणी घातलं गो? मी म्हटलं, वहिनीने. मी झोपेत होते तेव्हा.

घाबरून बोलले असं म्हणू का? तसं म्हटलं की जरा बरं दिसतं. पण मी घाबरले नव्हते. मी चिडले होते. माझा कान गेला होता, ठरत आलेलं लग्न जाणार होतं, आणि ती बाहेर बसून मुलीला गोष्ट सांगत होती. तिचा आवाज आत येत होता. मला ती माझ्याबरोबर चिखलात हवी होती. बस, एवढंच.

लग्न मोडलं. दुसरं ऑपरेशन झालं, त्यात जीव वाचला आणि ऐकणं गेलं. घरात आईने तोंडाचा पट्टा सोडला. माझ्या पोरीचं वाटोळं केलंन, जळत होती तिच्यावर. मुंबईहून दादा फोनवर तिला वाट्टेल ते बोलला आणि आईने तो फोन स्पीकरवर ठेवला. वहिनी ओट्याशी उभी होती. “मी नाय घातला कानात तेल. केसांना लावलेला. कानात कापूस होता. सायलीची शपथ घेतंय मी.” एवढंच पुन्हा पुन्हा. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, चांगला कान उशीत दाबून.

शेवटी तीच म्हणाली, देवाला विचारूया. आमच्याकडे अडलं की ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळे बघत राहतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. वहिनी उपाशी राहून आली होती. तिला खात्री होती – ज्याला सगळं दिसतं तो तरी खरं सांगेल. गुरवाने विचारलं, या सुनेच्या हातून तेल गेलं असेल तर उजवा दे. मी खांबाला टेकून उभी. तेव्हाही बोलता आलं असतं. ती नजर न हलवता डाव्या कळीकडे बघत होती.

उजवी पडली.

देवावर ढकलू नका. ओली कळी, कुठल्या तरी बाजूची पडणारच. तिथे खरं ठाऊक असलेलं माणूस एकच होतं आणि ते गप्प होतं.

खाली येताना पायऱ्यांवर तिने माझे दोन्ही हात धरले. रडत नव्हती. म्हणाली, “माझ्याच हातून गेला असेल वन्सं. मला आठवत नाय, पण गेला असेल. देव कशाला खोटा बोलेल?” तिने ते खरं मानलं, ऐकताय ना? जे तिने केलंच नव्हतं ते तिने केलं असं तिला वाटायला लागलं. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, जाऊ दे वहिनी, झालं ते झालं. मी तिला माफ केलं. पायऱ्यांवर उभी राहून, सगळ्यांसमोर. आई म्हणाली, बघा माझ्या लेकीचं मन.

त्यानंतर मी त्या माफीवर जगले. कान अजून साफ करून घ्यावा लागतो, आत पोकळी आहे, मळ साठतो. प्रत्येक वेळी वहिनी बरोबर येते, रिक्षात डाव्या बाजूला बसते, न सांगता. माशातला बरा तुकडा मला. नवी साडी आधी मला. कधी ती कुरकुरली, कधी हसण्याच्या नादात जरा मोठ्याने बोलली, की मी नुसता हात उजव्या कानाकडे न्यायचे. ती गप्प व्हायची. किती वेळा केलं असेल हे? मोजलं नाही. आई गेली तीही सुनेला दोष देतच गेली. मी उशाशीच होते.

आता सायली बाळंतपणाला आली आहे. मुलगी झाली. मालीश करायला बाई येते, ती परवा आली नाही. सायलीने तेलाची वाटी वहिनीपुढे ठेवली आणि बाळ तिच्या मांडीवर द्यायला गेली. वहिनीने दोन्ही हात पदराखाली घेतले. “नको गो. माझ्या हाताला नको. तुला ठाव हाय ना काय झालेला ता.” स्वतःची नात. सायली हसली, म्हणाली, काय आई, अजून तेच. पण वहिनी हसली नाही. तिने वाटी उचलली आणि माझ्यापुढे धरली.

“वन्सं, तुम्ही लावा. तुमचा हात चांगला हाय.”

मी वाटी घेतली. बाळाच्या टाळूवर तेल घातलं, हातपाय चोळले. वहिनी भिंतीला टेकून बघत होती. तिला बाळाला हात लावायचा होता, ते दिसत होतं.

मालीशवाली बाई अजून आलेली नाही. आज सकाळीही मीच लावलं.