हिरवा धावदोरा

आमच्या दारात ऑटोतून एक लोखंडी पेटी उतरली तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. पेटीसोबत कॉलेजातल्या मॅडम होत्या. माझ्या मालकांनी, म्हणजे आमच्या यांनी, त्या कॉलेजात, इथे अमरावतीलाच, सगळी नोकरी इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये सहायक म्हणून काढली. मॅडम तेव्हा तिथे शिकत होत्या, तार जोडायला यांच्याकडूनच शिकल्या. आता त्याच विभागाच्या प्रमुख आहेत. तरी यांना भाऊच म्हणतात आणि घरात आल्या की आधी जयभीम करतात.

ती पेटी म्हणजे जुना पल्स जनरेटर. आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व, पुढे काळी मोठी बटणं. विजेचे ठोके काढून देणं हे त्याचं काम. किती ठोके हवेत, किती रुंद, किती उंच, ते बटणांनी ठरवायचं. पोरं बाकीच्या वस्तू त्या ठोक्यांवर तपासायची. यांच्या नोकरीत हे यंत्र यांनीच सांभाळलं होतं. नंतर नवी आली आणि हे माळ्यावर गेलं.

मॅडम म्हणाल्या, कॉलेजात जुन्या यंत्रांची एक खोली उघडायची आहे. भाऊंनी हे नुसतं पुसून द्यावं, काचेच्या आलमारीत ठेवू. चालत नाही, पण शोभेल.

यांचा चेहरा उतरला. "मेलेलं काहून ठेवता? मी चालू करून देतो," हे म्हणाले.

मॅडमने यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. यांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध अंधार आला आहे. कडेचं दिसतं, समोरचं जातं. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की याला ऑपरेशन नाही. भाकरी दिसते, भाकरीवरचं मीठ दिसत नाही. मॅडमने एक छोटा स्कोपही पाठवून दिला. त्या स्कोपच्या काचेवर ठोक्यांचा आकार हिरव्या रेषेत दिसतो. तो आकार बघायला यांना माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि मी चौथी शिकलेली, चारचौघात तोंड न उघडणारी. दुकानात सामान मागायचं तरी मी बोट दाखवते.

पहिल्या दिवशी यांनी पेटी लावली आणि विचारलं, काय दिसते. मी म्हणाले, हिरवं. "हिरवं तर मले बी दिसते. आकार सांग ना," हे वैतागले. मला काय सांगावं कळेना. रेषा वर जात होती, आडवी चालत होती, खाली येत होती, पुन्हा आडवी. मी उठून मेथी निवडायला गेले. पण निवडताना ती रेषा डोळ्यांपुढून हलेना. मी तशा रेषा आयुष्यभर काढल्या आहेत. बाळापूरकडच्या माझ्या माहेरी सगळ्या बायका गोधड्या शिवतात. मी हात पुसून परत आले.

"धावदोरा हाय," मी म्हणाले. "एक टाका कापडाच्या वर, एक खाली."

यांनी कान माझ्याकडे केला. मग विचारलं, वरचा टाका लांब का खालचा. मी सांगितलं, वरचा आखूड. सगळे सारखे आहेत का? नाहीत, मधेच एखादा लांबतो. "आन् कोपरे कसे हायेत?" मी काचेजवळ तोंड नेलं. वर चढतानाचा कोपरा गोल होता, वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा. तसं सांगितल्यावर यांनी मांडीवर थाप मारली. "कंडेन्सर गळून राह्यला, आन् एक रेझिस्टन्स म्हातारा झाला. लग्न झाल्यापासून इतकं बोलली नाईस तू."

मग मलाही ते यंत्र आतून समजून घ्यावंसं वाटलं. यांनी सांगितलं ते असं. आत दोन व्हॉल्वची जोडी आहे. दोघी जणी एकाच उखळात तिखट कांडतात तशी. एकीचं मुसळ खाली असताना दुसरीचं वर. एक चालू असली की ती दुसरीला गप्प ठेवते. पण दोघींच्या मधे कंडेन्सर असतो, वीज साठवणारं भांडंच जणू, तो गप्प बसलेलीच्या बाजूने हळूहळू भरत जातो. पुरता भरला की गप्प बसलेली एकदम उसळते आणि पहिलीला गप्प करते. मग तिकडून तेच. कंडेन्सर लहान असला तर लवकर भरतो, ठोके दाट येतात. मोठा असला तर विरळ येतात. बटण फिरवणं म्हणजे लहानमोठी भांडी बदलणं. कंडेन्सर गळका असला की भरायच्या वेळेचा भरवसा नाही, म्हणून टाका मधेच लांबतो. विजेला अडवणारा रेझिस्टन्स म्हातारा झाला की वीज वाट काढत दमाने येते, म्हणून कोपरा गोल होतो.

जुन्या मापाचे भाग अमरावतीत मिळाले नाहीत. एसटीने अकोल्याला गेलो, तिथे एका जुन्या रेडिओवाल्याने डब्यात हात घालून काढून दिले. सोल्डर करायचं, म्हणजे कथील वितळवून भाग जोडायचं, काम माझ्याकडे आलं. पेटी बंद असली तरी कंडेन्सरमधे वीज दडून राहते, म्हणून आधी ती उतरवायची. आणि हात घालताना दुसरा हात पाठीमागे ठेवायचा, म्हणजे धक्का बसलाच तर छातीतून जात नाही. मी डावा हात मागे पदरात गुंडाळून ठेवायचे. माझी पहिली सोल्डर ढेकळासारखी झाली. यांनी बोटाने चाचपून ती पुन्हा करायला लावली, आणि पुढचीही. मग एक चाचपून यांनी सरळ पुढचा भाग हातात दिला.

सगळे भाग बसले त्या दिवशी कोपरे टोकदार आले.

खोली उघडायच्या दिवशी कॉलेजात बरीच पोरं होती, शिक्षक होते, बाहेरगावचे दोन पाहुणे होते. मी दाराशी भिंतीला लागून उभी राहिले. यांनी पेटी चालू केली. व्हॉल्व तापेपर्यंत थांबावं लागतं. हळूहळू आत शेंदरी उजेड आला, स्कोपवर हिरवी रेषा आली आणि सगळे टाके एका बाजूला पळायला लागले. घरी असं झालं नव्हतं. कोणीतरी मागून म्हणालं, जुनं आहे, चालायचंच. यांनी तोंड माझ्या दिशेने वळवलं.

"काय दिसून राह्यलं वं?"

मॅडम तिथेच होत्या. त्यांना सांगता आलं असतं. त्यांनी ओठ उघडले आणि माझ्याकडे पाहून मिटले. सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी पुटपुटले.

"आइकू नाई आलं," हे म्हणाले.

यांची बोटं बटणावर होती. मी भिंत सोडून पुढे गेले.

"टाके पळून राह्यले," मी मोठ्याने म्हणाले. "उजवीकडे."

यांनी स्कोपचं रेषा धरून ठेवायचं बारीक बटण फिरवलं. मी सांगत राहिले: हळू झाले. आता उलटे चालले. जरा मागं घ्या. अजून थोडं. थांबले.

"कोपरे?"

"टोकदार. सगळे टाके सारखे."

यांनी हात काढून घेतला. मॅडमने आधी टाळी वाजवली, मग पोरांनी. माझ्या शेजारी एक मुलगी उभी होती, तिने हळूच विचारलं, काकू, टाका म्हणजे यातला कोणता भाग? मी काचेवर बोट ठेवून तिला दाखवलं, हा वरचा, हा खालचा, आणि हा कोपरा बघायचा. दुकानात दाखवते तेच बोट होतं.

ते यंत्र आलमारीत नाही, टेबलावर आहे. मॅडम पोरांना ते चालू करून दाखवतात आणि त्या हिरव्या ठोक्यांना टाके म्हणतात.

त्या दिवशी परत येताना हे ऑटोत माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "कोपरे खरंच टोकदार होते, का मले बरं वाटावं म्हनून बोलली?"

"तुमच्याशी बोलली असती खोटं," मी म्हणाले. "टाक्याच्या बाबतीत नाई बोलत."

ऑटोवाल्याने मागे वळून पाहिलं, इतके हे हसले.