मस्यू तेव्हनांचा छापणारा

मोंमार्त्रच्या उतारावरच्या शिळाछापखान्यात ओदिलों प्र्यूव्होनं बावीस वर्षं दगड घासले, शाई चढवली. चित्रकार तेव्हनां आपली चित्रं थेट दगडावर काढायचे आणि छापायला त्यांना ओदिलोंच लागायचा. गुडघा दुखून तो घरी बसला, तर तेव्हनां काम अडवून ठेवायचे. बायको मेलानी म्हणायची, "तुमचं लग्न माझ्याशी नाही, त्या चित्रकाराशी लागलंय!"

मग ब्रिटनी प्रांतातून बाझील ओदिलोंच्या हाताखाली आला. तिशीचा, मितभाषी, हाताचा फार हलका. एका सकाळी तेव्हनांनी दारातूनच विचारलं, "बाझील कुठाय? तो पिवळा रंग त्यालाच जमतो."

ओदिलोंच्या अंगाची लाही लाही झाली. तो पिवळा बाझीलला त्यानंच तर शिकवला होता! त्यानंतर तेव्हनां आणि बाझील दगडावर वाकून हसायचे आणि हा आपल्या यंत्रापाशी उभा राहून नुसता ऐकायचा.

धोबिणीचं चित्र छापायचं होतं. रेषा पक्क्या करायला बाझीलनं डिंकाच्या पाण्यात तेजाब कालवलं आणि जरा घुटमळला. "उस्ताद, जास्त तर नाही ना झालं?"

जास्तच झालं होतं. ओदिलोंला लांबूनही दिसत होतं.

"मला कशाला विचारतोस? तुला सगळंच जमतं ना!"

दगडावर भसाभसा फेस आला. तेजाबानं धोबिणीचा चेहरा पार खाऊन टाकला. तेव्हनां आले तेव्हा बाझील मान खाली घालून म्हणाला, "चूक माझी आहे, मस्यू." त्यानं उस्तादाचं नाव काढलं नाही.

तेव्हनां कोट काढून धोबीण पुन्हा काढायला नव्या दगडासमोर बसले. "बाझील, तू इथंच थांब."

तिसऱ्या दिवशी ओदिलोंला राहवेना. तो जवळ जाऊन पुटपुटला, "मला दिसलं होतं. मी बोललो नाही."

"माहीत आहे," तेव्हनां मान वर न करता म्हणाले. "तुमच्या नजरेतून असलं काही सुटतं का?"

त्यांनी ओदिलोंला पुन्हा कधी हाक मारली नाही.

वसंतात तेव्हनांच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं. रविवारी ओदिलों मेलानीला घेऊन गेला आणि काचेला नाक लावून धोबिणीत खोट शोधू लागला. अखेर सापडली. "बघ, बघ! लाल रंग रेषेबाहेर केसभर सरकलाय!"

"अहो, पण बाई किती सुंदर उतरलीय, ते नाही दिसलं?"

आत शिरल्याबरोबर त्याला तेच दिसलं होतं. पण तो काही बोलला नाही.