बंडीच्या चाकोरीतली जीप

१९६१ साली मी तीस वर्षांचा होतो आणि अकोल्याच्या एका वकीलसाहेबांची जीप चालवत होतो. नुसती चालवत नव्हतो, ती उभी मीच केली होती. त्याआधी मी कापसाच्या जिनिंगमध्ये बॉयलरला कोळसा घालायचो. शाळा दुसरीत सुटली, पण लोखंडाची भाषा मला जिनिंगात आली. ती शाळेत शिकवतही नाहीत.

जीप लढाईतली होती, मिलिटरीने लिलावात काढलेली. स्टेअरिंग डाव्या हाताला, पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली. सेल्फ मेलेला होता, म्हणून हँडल मारून चालू करावी लागे. वकीलसाहेबांनी ती घेतली तेव्हा एका सिलेंडरमध्ये दमच नव्हता, आणि पहिल्या ड्रायव्हरने ती तशीच रेटली होती. मी इंजिन खाली उतरवलं, व्हॉल्व्ह घासले, रिंगा बदलल्या. आमच्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी असते, कार्बोरेटरमध्ये जाऊन बसते. म्हणून टीनवाल्याकडून एक पाइप करून घेतला आणि हवा ओढायचं तोंड काचेच्या उंचीपर्यंत वर काढलं. लोक हसले. म्हणाले, हुक्का लावला गाडीले. लावला तर लावला. त्यानंतर दोन उन्हाळे कार्बोरेटर साफ राहिला.

वकीलसाहेबांनी जीप शेतासाठी घेतली होती. शेत अकोटच्या रस्त्याला, खारपाणपट्ट्यात. रस्ता सोडला की कोसभर पांदण. पांदण म्हणजे दोन्हीकडे धुरे, शेतांचे बांध, आणि मधून बंडीपुरती, बैलगाडीपुरती, वाट. साहेबांची कंबर अशी होती की बंडीत बसलं की दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं राहता येत नसे. जीप शेतापर्यंत गेली तर तिचा उपयोग, नाही तर अकोल्यात तिला काही काम नव्हतं.

आणि ती जात नव्हती. पांदणीच्या तोंडाशी गावाने बाभळीच्या काट्या लावल्या होत्या. माझ्याआधी जो ड्रायव्हर होता त्याने ऐन श्रावणात चाकांना साखळ्या बांधून गाडी आत घातली होती. काळ्या मातीत साखळी म्हणजे नांगर. खड्डे पडले, पुढे ऊन पडलं आणि ते तसेच दगडासारखे वाळले. बंड्यांची चाकं त्यांत उडायला लागली. एका बैलाचा पाय मुरगळला, तो पुढच्या पेरणीपर्यंत उभा राहिला नाही. त्या दिवसापासून काट्या.

वकीलसाहेब म्हणाले, "पांदण सरकारी आहे. नकाशात आहे. मी हुकूम आणतो."

मी म्हटलं, "साहेब, हुकूम आनाल तं काट्या निघतीन. चिखल कसा निघन?"

"मग तू काढ काही मार्ग. दिवाळीपर्यंत गाडी शेतात पोचली नाही तर मी ती विकणार. नागपूरचा एक जण मागतोच आहे."

गाडी गेली की मी पुन्हा बॉयलरसमोर. कोळशाची मला लाज नव्हती. पण जी गाडी मी नट-नट जोडून उभी केली ती नागपूरचा कोणी नेऊन विटा वाहील, हे मला चालणार नव्हतं.

मी पांदणीत पायी गेलो. सगळे त्या ड्रायव्हरला आणि त्याच्या साखळ्यांना शिव्या देत होते. ते बरोबरच होतं, पण पुरतं नव्हतं. मी चाकोरीत आडवा बसलो आणि वितीने मापलं. आमच्याकडच्या बंड्यांच्या दोन चाकांमधलं अंतर सगळ्या गावात एकच असतं, कारण चाकोरी एकच असते. बापाच्या बंडीने पाडली, पोराची तिच्यातून चालते. जीपच्या चाकांमधलं अंतर त्याहून जवळजवळ वीतभर कमी होतं. म्हणून जीपचं एक चाक चाकोरीत आणि दुसरं मधल्या उंचवट्यावर. साखळ्या नसल्या तरी ती उंचवटा फोडतच जाणार आणि फुटलेला उंचवटा चाकोरीत पडणार.

मी पाचही रिमा काढल्या. वेल्डिंगवाल्याकडून आतली थाळी कापून घेतली आणि आतल्या अंगाला सरकवून पुन्हा जोडून घेतली, म्हणजे चाक तेवढं बाहेर आलं. वेल्डिंगवाला म्हणाला, "बेअरिंग खाईन गाडी." मी म्हटलं, खाऊ दे, मी ग्रीस घालीन. एकेक रीम हबवर चढवून फिरवली आणि खडू धरून पाहिलं. जिथे खडू लागला तिथे रीम वाकडी. तीन रिमा पुन्हा कापाव्या लागल्या. मिलिटरीचे मोठ्या खाचांचे टायर काढून टाकले, ते माती उकरतात. साधे, बारीक रेघांचे घातले. साखळ्या मात्र भंगारात नाही दिल्या, विहिरीच्या मोटेला दिल्या. स्टेअरिंग जड झालं आणि बेअरिंग खरंच खायला लागली. दर आठवड्याला हब उघडावे लागत. गाडीला रुंद उभं राहायचं असेल तर तेवढं दिलं पाहिजे.

मग मी गावच्या पाटलांकडे गेलो. ते अंगणात बसून दोर वळत होते. मी म्हटलं, "पाटील, एक डाव पाहा, मंग काट्या ठेवा नाई तं काढा."

पाटील उठले. कुंपणातून एक लांब पऱ्हाटी, कापसाच्या झाडाची वाळकी काडी, मोडून घेतली, पांदणीत जाऊन चाकोरीला लावली, तेवढी तोडली. मग ती काडी घेऊन रस्त्यावर उभ्या असलेल्या जीपपाशी आले. वाकून पुढच्या चाकांना लावली, मागच्या चाकांना लावली. पुन्हा पुढच्यांना लावली.

"बसली," ते म्हणाले. "तूच केलं का हे?"

"मी नाई तं कोन करन?"

"घमंड लय हाय तुले."

"गाडी बसली ना पाटील चाकोरीत? घमंड राहू द्या बाजूले."

ते हसले नाहीत. म्हणाले, "ये. पन पान्यात येऊ नको. वाफसा आल्यावर ये, जसं आमी वखर घालतो तसं. आन एक गोष्ट. चाकोरी बंडीची हाय. बंडीले जो कायदा हाय तोच तुले."

मी हाव म्हटलं, आमच्याकडचं हो. तो कायदा काय, हे मी विचारलं नाही. वऱ्हाडातल्या माणसाने बंडीचा कायदा विचारणं म्हणजे घराची वाट विचारणं.

दिवाळीला थोडे दिवस राहिले होते. मधेच अवकाळी शिंतोडे पडले, मी थांबलो. वकीलसाहेब रोज विचारत, आणि मी रोज सांगत होतो, वाफसा नाही. एके दिवशी मी पांदणीतल्या मातीचा गोळा हातात दाबून पाहिला. तो हाताला चिकटला नाही, फुटून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांना घेऊन निघालो. काट्या पाटलांनी बाजूला ओढून ठेवल्या होत्या. ते स्वतः ती पऱ्हाटी काठीसारखी धरून जीपमागे पायी येत होते, पाहत की काय मोडतं.

काही मोडत नव्हतं. चारही चाकं चाकोरीत होती. डाव्या धुऱ्यापलीकडे ज्वारी, उजवीकडे तूर. इथवरच्या वाटेत विहिरीजवळच्या लिंबाखाली तेवढी एक रुंद जागा होती, ती मागे टाकून आम्ही अर्ध्याच्या वर गेलो होतो. तेव्हा समोरून बंडी आली.

कापसाची होती. वेचणी सुरू झाली होती आणि अकोटचा बाजार दुसऱ्या दिवशी. पोत्यांवर पोती, आणि सगळ्यांच्या वर एक बुढी बसलेली. बुढा खाली जुवाजवळ, कासरा हातात. त्याने बैल थांबवले, मी जीप थांबवली.

"घ्या मांगं," बुढा म्हणाला.

वकीलसाहेब उभे राहून काचेवरून पाहायला लागले. "अहो, तुमच्या मागे वळणावर जागा आहे. मला दिसते आहे. आमची तर पार मागे राहिली. तुम्हीच घ्या."

"भरली हाय जी."

"मग?"

"भरली मांगं जात नाई. रिकामी जाते."

"रिकामी कशी? मी बसलो आहे. हा बसला आहे."

वरून बुढीने वाकून जीपमध्ये पाहिलं. "मान्सं तं आमच्या बी बंडीत हायेत दोन. मान्सानं बंडी भरते का कधी? माल कोठी हाय तुमचा?"

"म्हणजे माणसापेक्षा कापूस मोठा?"

"मोठा नाई जी. पन मान्साले पाय हायेत. कापसाले कोठी हायेत?"

बुढा म्हणाला, "तू गप बस ना वं." आणि बैलांच्या पाठीवर हात ठेवून तसाच उभा राहिला. त्याला घाई नव्हती.

वकीलसाहेब खाली बसले. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "हॉर्न दे. पुढे घे थोडी. होतील बाजूला."

मी हॉर्न दिला नाही. बैल बुजले असते तर बंडी तुरीत गेली असती, बुढी वरून खाली आली असती.

"मग ज्वारीत घाल. ज्वारी मी भरून देईन त्या माणसाला."

"ज्वारी भरून देता येईन साहेब. धुरा फोडला तं त्यातून पानी चाकोरीत येईन. ते कोन भरन?"

"तू आज मागे घेतलीस," ते शांतपणे म्हणाले, "तर आपण आज शेतात पोचत नाही. त्या बंडीमागे आणखी बंड्या आहेत, मला धूळ दिसते. आणि आज पोचलो नाही तर मी नागपूरला गाडी देतो. मी बोललो ते बोललो."

तेही मला माहीत होतं. वकीलसाहेब बोललेलं फिरवत नसत, म्हणून तर अशिलं त्यांच्याकडे येत. पण मीही पाटलांना हाव म्हटलं होतं. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक होतं. मी ती चाकं कापून जोडून चाकोरीच्या मापाची केली ती कशासाठी? जीप बंडी व्हावी म्हणून. मग समोर भरली बंडी आली तेव्हा ती मोटार कशी होईल?

मी दुसरा लिव्हर खाली ओढला, पुढच्या चाकांनाही ओढ दिली आणि रिव्हर्स टाकला.

जीप मागे घेणं पांदणीत सोपं नाही. पण त्या दिवशी मी स्टेअरिंग दोन बोटांनी धरलं होतं, तेही सवय म्हणून. चाकं आपसूक चाकोरीत चालली. वळण आलं तर चाकोरीच चाकांना वळवायची, मला काही करावं लागत नव्हतं. आम्ही मागे आणि बंडी पुढे, बैलांची तोंडं आमच्या बॉनेटवर. वकीलसाहेब समोर तोंड करून बसलेले, त्यामुळे ती सगळी वाट ते आणि दोन बैल एकमेकांकडे पाहत होते.

"सायेब, मारका नाई तो," बुढी वरून म्हणाली. "नुसता वास घेते."

साहेब सीटवर मागे सरकले. मग ती माझ्याकडे वळली.

"ड्रायवरभाऊ, उलटी चालवाले कोनं शिकवली तुमाले?"

"तुमच्या बंडीनं," मी म्हटलं.

"मंग बैल बी मागं लावा ना आता."

लिंबाखाली पोचलो. मी जीप बाजूला घेतली, बंडी गेली. बुढ्याने जाताना मान हलवली, बस तेवढंच. तिच्यामागे खरंच बंड्यांची ओळ होती, एकामागे एक, सगळ्या भरलेल्या. त्या संपेपर्यंत ऊन कलंडलं.

पाटील मात्र जीप मागे येताना धुऱ्यावर चढले होते आणि पांदणीतच राहिले होते. जीप जिथून मागे आली ती सगळी चाकोरी त्यांनी वाकून पाहिली, काही ठिकाणी पऱ्हाटी लावून पाहिली. मग लिंबाखाली आले. म्हणाले, "उद्यापासून काट्या लावत नाई." ती पऱ्हाटी त्यांनी मोडून विहिरीवरच्या बैलांच्या गव्हाणीजवळ टाकली आणि गावाकडे चालते झाले.

म्हणजे वाट उघडली आणि गाडी मात्र नागपूरला जाणार, असं झालं होतं. मी जीप रस्त्यावर काढली. थेट अकोल्याला आणली. मी सफाई दिली नाही. माझं काही चुकलेलं नव्हतं, आणि न चुकलेल्या गोष्टीवर मी बोलत नाही. गाडी विकायची तर त्यांची होती.

घराच्या दारात ते उतरले. कमरेला हात देऊन उभे राहिले. मग म्हणाले, "एक सांग. माल असला की ती भरली. किती माल?"

"भरली म्हंजे भरली, साहेब. मोजत कोनी नाई."

"एक पोतं असलं तरी?"

"एक बरं दिसत नाई. दोन असावीत."

"आणि दोन्ही भरल्या आल्या समोरासमोर तर?"

"तं ज्याची जागा जवळ तो मागं घेतो."

"आज वळणावरची जागा त्यांना जवळ होती."

"हाव."

ते पायऱ्या चढायला लागले. वकील माणूस, कायद्यात फट दिसली की कंबर विसरतो. वरच्या पायरीवर थांबून म्हणाले, "शेतातल्या बैलांना सरकी संपत आली असेल."

"संपलीच असन."

"मग उद्या सकाळी," ते म्हणाले आणि आत गेले. नागपूरचं नाव त्यांनी काढलं नाही. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हब उघडून ग्रीस घातलं, जिनिंगमधून सरकीची दोन पोती आणून जीपच्या मागच्या भागात ठेवली, लांबून दिसावीत अशी उभी करून दोरीने आवळली, आणि गाडी वकीलसाहेबांच्या पायऱ्यांना लावली.