समुद्रातला कडा, आणि वर कुणीच नाही

खान्देशातल्या माझ्या बहिणींनो, एसटीच्या खिडकीतून दिसणारा प्रत्येक डोंगर मनातल्या मनात चढून बघणाऱ्या साक्रीच्या, धरणगावच्या, चाळीसगावच्या बायांनो, आपली तक्रार एकच आहे. उंबऱ्याबाहेर पाय टाकला की मागून प्रश्न येतो, "संगे कोण शे?" सोबत कोण आहे? परीक्षेला निघा, दवाखान्यात निघा, डोंगरावर निघा, प्रश्न तोच. भावाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो "येतो" म्हणतो आणि जातो.

या प्रश्नाविरुद्ध मी वीस वर्षं व्यासपीठांवरून बोलत आले. सोबत दाखवा, मग दार उघडतो, हा न्याय मला मान्य नव्हता आणि आजही नाही. पण गेल्या फेब्रुवारीत मी या प्रश्नाला जे उत्तर दिलं, त्याची मला लाज वाटते. म्हणून हे लिहिते आहे.

मी धुळ्यात कॉलेजला इतिहास शिकवते. वय त्रेचाळीस. वडील माझ्याजवळ राहतात, त्यांना आम्ही आबा म्हणतो. आबांनी उभा जन्म साक्रीकडच्या काळ्या खडकात विहिरी खोदल्या. त्या कामात उतरणाऱ्यापेक्षा वर बसणारा मोठा. खाली माणूस असेपर्यंत वरचा जेवत नाही, जागा सोडत नाही. दोर काठावर घासू नये म्हणून त्याच्याखाली गोणपाट घालतो, ते सरकलं की नीट करतो आणि थोड्या थोड्या वेळानं हाक मारतो, "शे का?" खालून उत्तर येतं, "शे." उत्तर आलं नाही तर सगळं गाव गोळा करायचं. शाळेला सुट्टी असली की वर मी बसायचे. मला त्याचा कंटाळा यायचा. मला उतरायचं होतं.

पुढे पगार सुरू झाल्यावर पुण्याकडे जाऊन दोर, गाठी, कडे सगळं रीतसर शिकले. आणि मग कोकणातल्या एका खडकानं मला झपाटलं. किनाऱ्यापासून होडीनं तासभर आत, समुद्रातून सरळ वर आलेला, पश्चिमेची बाजू उभी तासलेली. मच्छीमार त्याला नुसतं 'दांडा' म्हणतात. तो एकटीनं चढायचा, असं मी दोन वर्षं ठरवत होते.

निघायच्या दिवशी आबा ओट्यावर लसूण सोलत बसले होते. प्रश्न आलाच. कुडाळला कॉलेजचं प्रशिक्षण आहे आणि सोबत दोन मॅडम आहेत, असं मी सांगितलं. तोंडातून ते इतकं सहज निघालं की मीच चपापले. दोर कपड्यांच्या खाली दडवला होता. कोठीतून ज्वारीचं एक रिकामं गोणपाटही घेतलं. कडा उतरायचा तर दोराखाली गोणपाट हवं, हे माझ्या हाताला वेगळं सांगावं लागत नाही.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी रस्ता सांगते. धुळ्याहून एसटीनं चाळीसगाव, तिथून रेल्वेनं ठाणे, ठाण्याहून कोकणची गाडी. कुडाळला उतरून पुन्हा एसटीनं किनारा. सगळं मिळून जवळजवळ एक दिवस जातो. समुद्र फेब्रुवारीत जरा शांत असतो, एप्रिलनंतर नाव काढू नका. बंदराच्या कार्यालयात आधी विचारा, मी विचारलं होतं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा दोन दिवस टिकतो. तिथल्या खानावळीत मला सोलकढी मिळाली, तीन वाट्या प्याले. खिडकीबाहेर समुद्र दिसत होता, आणि माझं लक्ष सारखं फोनकडे जात होतं. आबांचा फोन आला तर पार्श्वभूमीला लाटांचा आवाज कसा लपवायचा, हा विचार मी दोरापेक्षा जास्त केला.

होडीवाले बाबीकाका साठीचे. होडीचं भाडं दोन हजार ठरलं, न्यायचं आणि आणायचं. मग त्यांनी विचारलं, "वांगडा कोण असा?" धुळ्याहून आठशे किलोमीटर आले, तरी सोबतीचा तोच प्रश्न माझ्या आधी येऊन किनाऱ्यावर बसलेला. मी तिथेच, जाळी वाळत घातलेल्या वाळूत, त्यांना बायांच्या स्वातंत्र्यावर पाच मिनिटं सुनावलं. शेजारी मासळी निवडणाऱ्या दोघी काम थांबवून ऐकायला लागल्या. काकांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी थुंकली.

"भाषण बरा केलंस. आता कामाचा सांग. भरती चढली की होडी लागाची नाय. मी बाराक येतलंय. तेव्हा तू खाली नसलंस, तर मी कोणाक सांगू?"

मी असेनच, असं मी म्हणाले. त्यांनी नंबर मागितला. मी दिला. त्यांनी तो लगेच लावून बघितला आणि माझ्या खिशात फोन वाजला.

"हो तर तुझोच नंबर. तू गावलंस नाय, ह्या तुकाच फोन करून सांगू?"

मासळीवाल्या हसल्या. मीही हसले. पण घरचा नंबर दिला नाही. दिला असता आणि काकांनी सहज फोन केला असता, तर खोटं उघडं पडलं असतं. म्हणजे त्या घडीला जगात एकाच माणसाला माझा ठावठिकाणा माहीत होता, आणि त्या माणसाला माझं आडनावही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघालो. दांडा जवळ येत गेला तसा तो उंच होत गेला. किनाऱ्याच्या बाजूला एक सपाट कातळ आहे, ओहोटीला तेवढाच उघडा पडतो. होडी वरखाली होत होती. काका "आता" म्हणाले आणि मी उडी मारली. होडी लगेच मागे फिरली. इंजिनाचा आवाज विरेपर्यंत मी उभी राहिले. तो थांबल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती ही की इथे माझं नाव घेणारं कुणी नाही.

पूर्वेच्या बाजूनं गवताची, काटेरी झुडपांची एक घळ वर जाते, तिनं माथा गाठता येतो. माझा बेत साधा होता. माथ्यावर दोर बांधायचा, पश्चिमेच्या कड्यावरून त्याच दोरानं खाली उतरायचं, आणि दोर धरून ठेवणारी दोन यंत्रं कमरेला लावून कडा चढून परत यायचं. पडले तर यंत्रं मला दोरावर अडकवतील. मी तीन वेगवेगळ्या दगडांना दोर बांधला, प्रत्येक गाठ दोनदा ओढून पाहिली. काठावर गोणपाट अंथरलं, त्यावर दगड ठेवला. वारा होता, म्हणून दुसरा दगड ठेवला. गोणपाट बांधून टाकायला हवं होतं. बांधलं नाही. आबाही कधी बांधत नसत. त्यांना गरजच नव्हती, वर माणूस असायचा.

नव्वद फूट उतरून लाटेच्या थोडं वर एका टप्प्यावर पाय टेकले. हा खडक आपल्या काळ्या पाषाणासारखा नाही. खरखरीत, धारदार, मिठानं पांढरा, आणि सावलीत ओलसर. लाट आपटली की सगळा कडा पोटातून हुंकारतो आणि तो हुंकार पायांच्या बोटांत येतो. तळहाताला घाम सुटत होता. पुसायचा, पुन्हा सुटायचा. दहाला चढायला सुरुवात केली. पहिले तीस फूट बरे गेले. मग एक उभी भेग लागली, तिच्यात मुठी रुतवत वर सरकायचं. हात भरून आले की मी दोरावर बसून विसावा घेत होते. असं चार वेळा बसले. पाचव्यांदा बसले तेव्हा दोराला हलका हिसका बसला आणि मी वीतभर डावीकडे सरकले.

वर पाहिलं. काहीतरी तपकिरी हवेत तरंगत खाली येत होतं. माझ्या खांद्याजवळून ते गेलं, वाऱ्यानं फुगलं, किनाऱ्याच्या बाजूला वळलं आणि कड्याच्या कोपऱ्याआड समुद्रात पडलं. ते माझं गोणपाट होतं.

बहिणींनो, खालच्याला हे कधीच दिसत नाही. दोर गोणपाटावर आहे की उघड्या धारेवर, हे फक्त वरच्याला दिसतं. म्हणून वरचा मोठा. लहानपणापासून माहीत असलेली ही गोष्ट मला पन्नास फुटांवर लटकताना कळली.

आता दोरावर बसायचं नाही. पडायचं तर नाहीच. प्रत्येक वेळी माझं वजन पडलं की वर धार दोर कापणार, आणि किती कापला हे मला तो तुटल्यावरच समजणार. चाळीस फूट उरले होते. मी भेगेत डावी मूठ कोंबली, वजन पायांवर घेतलं आणि दोर ढिला केला. एक हात, मग पाय, मग दुसरा हात. बोटांची सालं निघाली. तोंड इतकं कोरडं की जीभ टाळूला चिकटली. एका ठिकाणी उजवा पाय सुटला, मी हनुवटीनं खडक दाबून धरला. माझ्या सगळ्या भाषणांतलं एक वाक्य मला तिथे आठवलं नाही. आठवली ती आबांची विहीर. मी मोठ्यानं म्हणाले, "शे." चार फूट वर गेले, पुन्हा म्हणाले, "शे." कुणी विचारत नव्हतं. तरी उत्तर देत राहिले, कारण ते थांबलं तर मी थांबेन अशी भीती होती.

माथ्यावर पोटावर सरपटत आले. किती वेळ पडून राहिले माहीत नाही. मग दोर पाहिला. बाहेरचं कवच फाटलं होतं, बोटाच्या पेराएवढा आतला पांढरा गाभा उघडा पडला होता, आणि त्यातलेही काही पीळ तुटलेले. घड्याळात साडेबारा वाजून गेले होते.

घळ उतरताना मी दोनदा पडले. खालचा कातळ पाण्याखाली गेला होता. होडी लांब उभी होती, वरखाली होत. काकांनी मला पाहिलं, होडी जमेल तेवढी जवळ आणून दोर फेकला. मी तो कमरेला बांधून उडी मारली आणि त्यांनी मला ओढून घेतलं. होडीच्या तळाशी माझं गोणपाट पडलं होतं, पाणी गळत.

मला वाटलं, ओरडतील. त्यांनी इंजिन सुरू करायला दोरी ओढली. ती दोनदा निसटली. मग ते म्हणाले, "लांबसून कपडे दिसले. माका वाटला, तूच. काठयेन ओढून घेतलंय. मागल्या अंगाक लाट मोठी, होडी जायना. अर्धो तास हेच्याकडे बघत बसलंय. बाये, कोणाक सांगू, ताच माका ठाऊक नाय."

किनाऱ्याला लागलो. ठरलेल्यापेक्षा जास्त पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. त्यांनी फोन पुढे केला. मी त्यात आबांचा नंबर घातला आणि पुढे लिहिलं, वडील.

घरी पोचले तेव्हा दुपार होती. दोर पिशवीत होता, पण गोणपाट वाळलं नव्हतं म्हणून बाहेर अडकवलेलं. आबांनी ते हातात घेतलं. मीठ धरून ताठ झालेलं, मधोमध दोरानं पाडलेली चीर. विहिरी खोदणाऱ्याला गोणपाट वाचता येतं. प्रशिक्षणाबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही.

"दोर दखाड," म्हणाले. मी दाखवला. तुटलेल्या पिळांवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"वर कोन व्हतं?"

"कोनीच नही, आबा."

"मंग खाले कसाले उतरनी?"

मी खोटं बोलले हे सांगितलं. का बोलले तेही सांगितलं, रडत आणि भांडत. तुमच्या त्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं असतं तर तुम्ही मला जाऊ दिलं असतं का, असं विचारलं. त्यांनी "दिलं असतं" म्हटलं नाही. आबाही खोटं बोलत नाहीत. मग गोणपाट झटकून दोरीवर वाळत घातलं आणि पाठमोरेच म्हणाले, "पुढला टाइमले मी बठसू वर."

त्यांचे गुडघे जिनाही चढत नाहीत. ते कुठे बसणार आहेत ते आता ठरलं आहे. मार्चमध्ये मी साक्रीकडच्या डोंगरात एकटी गेले. आबा ओट्यावर फोन घेऊन बसले. अकराला हाक आली, एकला आली, तीनला आली. मी उतरून खाली आल्याचं कळवलं, तेव्हा ते जेवायला उठले.

दांड्यावरून माझ्याबरोबर काय आलं? विजय म्हणावा असं काही नाही. हनुवटीवर एक खूण आहे, आणि रात्री कधी कधी ते गोणपाट माझ्या खांद्याजवळून जातं. माझं मत बदललेलं नाही. "संगे कोण शे?" हा प्रश्न आपल्याला घरी बसवण्यासाठी विचारला जातो, आणि मी त्याच्याविरुद्ध बोलत राहीन. आता माझ्या आरोपपत्रात एक कलम वाढलं आहे. हा प्रश्न आपल्याला खोटं बोलायला शिकवतो, आणि खोटं बोलून निघालेल्या बाईच्या दोराकडे बघायला वर कुणी नसतं. ज्यांनी तिला अडवलं त्यांना ती कुठे पडली हेही कळत नाही.

म्हणून एक काम करा, आणि निघायच्या आधी करा. एकटीच जा. पण एका कागदावर लिहा: कुठे जाते आहे, किती वाजता खाली येणार, आणि उत्तर आलं नाही तर कुणाला सांगायचं. तो कागद अशा एका माणसाच्या हातात द्या, जो तुम्हाला अडवणार नाही. बाप असेल तर बाप, नाहीतर मैत्रीण, शेजारीण, विद्यार्थिनी. घरात असं कुणी नसेल तर मला पाठवा, मी बसेन. आणि त्या माणसाकडून एवढंच कबूल करून घ्या, की वेळ झाली की तो हाक मारेल आणि तुम्ही "शे" म्हणेपर्यंत जेवणार नाही.