आधीच करून ठेवलेल्या सह्या

आमच्या कंपनीत कोऱ्या लेटरहेडवर साहेबांच्या, म्हणजे आमच्या व्यवस्थापकीय संचालकांच्या, सह्या असायच्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी चहा पिता पिता साहेब पंचवीस-तीस कागदांच्या तळाशी सही करत, गठ्ठा माझ्याकडे सरकवत आणि म्हणत, "घ्या मॅडम, महिनाभराची डोकेदुखी तुमच्याकडे." गठ्ठा माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, कुलपात. मग साहेब शेडवर असोत, निफाडला द्राक्षाच्या बागेत असोत, नाहीतर मोबाइल बंद करून झोपलेले असोत, पत्र कधी अडत नसे.

कंपनी अंबडला. पंपाचे सुटे भाग बनवते. छोटी आहे, पण शेअर बाजारात तिची नोंद आहे, आणि म्हणून तिथे माझी नोकरी आहे. अशा कंपनीला दर तीन महिन्यांनी आपले हिशेब मुदतीत जाहीर करावे लागतात, आणि ते होतंय का हे बघायला कंपनी सेक्रेटरी ठेवावा लागतो. ती मी. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, याच अंबडमध्ये कंत्राटी कामगार होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी दबक्या आवाजात सांगत नाही. सेक्रेटरीची परीक्षा चौथ्या खेपेला पास झाले, तेही लपवत नाही. कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेच्या सभासदत्वाचं प्रमाणपत्र अण्णांनी फ्रेम करून सिडकोतल्या घरी दारासमोरच्या भिंतीवर लावलंय. वीजबिल द्यायला आलेल्या माणसालासुद्धा ते वाचून दाखवतात.

त्या वर्षी अकाउंटच्या खोलीत वायरिंग जळलं. माणूस कोणी नव्हतं, हे नशीब. पण कॉम्प्युटर, त्याला जोडून ठेवलेली बॅकअपची डिस्क, कपाटातल्या फायली, सगळ्याचा कोळसा झाला. वार्षिक हिशेब द्यायची मुदत तोंडावर आलेली. नव्याने सगळं जमवायचं म्हणजे बँकेकडून, गिऱ्हाइकांकडून कागद मागवत बसा. मुदत चुकली की दंड सुरू, आणि फार लांबलं की शेअरचे व्यवहारच बंद. एकच वाट होती. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या मुंबईच्या कचेरीकडे अर्ज करायचा: आमच्यावर असं संकट आलंय, या नियमातून आम्हाला काही काळ सवलत द्या.

अर्ज म्हणजे विनंतीचं पत्र, असं कोणाला वाटेल. मलाही नियम वाचेपर्यंत तसंच वाटत होतं. कोणासाठी मागताय, नाव घालून सांगा. मोघम चालणार नाही. कोणत्या नियमातून, कोणत्या कलमातून, किती काळ. सगळी हकिकत, बाजूची आणि विरुद्धचीही. संचालक मंडळाचा ठराव, फीची पावती, पंचनाम्याची प्रत. आणि शेवटी दोन गोष्टी. एक, जबाबदार संचालकाचं प्रमाणपत्र: 'हा अर्ज मी स्वतः वाचला आहे, यातील हकिकत खरी आणि पूर्ण आहे.' दुसरी, हमी: आमचं उत्तर येईपर्यंत हकिकतीत काहीही बदल झाला, तर तो लगेच कळवू.

अर्ज मी लिहिला आणि मला तो आवडला. अकाउंटंटला दोनदा विचारून तिसऱ्या पानावर लिहिलं की हिशेबाच्या सर्व नोंदी आणि त्यांच्या सर्व प्रती आगीत नष्ट झाल्या आहेत. त्याने डिस्कचा वितळलेला गोळा दाखवला होता, मी त्याचा फोटो जोडला.

राहिलं प्रमाणपत्र. अर्ज जायचा शेवटचा दिवस होता आणि साहेब देवळ्याला. त्यांची थोरली बहीण वारली होती, दहावा व्हायचा होता. मी सकाळी एकदा फोन केला. कोणा बाईने उचलला, मागे रडण्याचा आवाज, मी "नंतर करते" म्हणून ठेवला. दुपारी करायचा होता, केला नाही. चार वाजता खालचा खण उघडला, सही असलेला एक कोरा कागद घेतला, प्रिंटरमध्ये सरळ घातला. 'हा अर्ज मी स्वतः वाचला आहे.' ओळ बरोबर सहीच्या वर आली. इतकी बरोबर, की मला माझ्या हाताचं कौतुक वाटलं. स्कॅन केला, मुंबईच्या कचेरीच्या पोर्टलवर चढवला, पोचपावती आली. घरी जाताना मी अण्णांसाठी जिलेबी घेतली.

साहेब आठवड्याने आले. डोक्यावर केस नव्हते, चेहरा उतरलेला. म्हणाले, "काय पाठवलं मुंबईला, सांगा तरी." मी समोर बसून एकेक पान इंग्रजी वाचत मराठीत सांगत गेले. साहेब निफाडचे, लेथवर काम करत करत वर आलेले. इंग्रजी वाचतात, पण बोट ठेवून. दोन पानं त्यांनी मान डोलावली. तिसऱ्या पानावर त्यांनी कप खाली ठेवला.

"सर्व प्रती कशा नष्ट? एक तर माझ्या घरी हाय ना."

"कसली?"

"अहो डिस्क. दोन हायेत. दर शनिवारी कुलूप लावताना एक काढतो, दुसरी लावतो. काढलेली टिफिनच्या पिशवीत घालून घरी. जुन्या अकाउंटंटनी सांगितलं होतं, तेव्हापासून."

"या अकाउंटंटला माहीत नाही?"

"कशाला कोणाला सांगायचं? सांगितलं की चोरीला जाते. आन आगीनंतर बहिणीच्या आजारपणात ध्यानातच ऱ्हायलं नाय."

मी हसले. खरंच हसले, मला चांगलं आठवतं, कारण हिशेब सापडले होते. मग माझी नजर शेवटच्या पानावरच्या सहीवर गेली. आम्ही सरकारी कचेरीला खोटं लिहून दिलं होतं. आणि ते खरं असल्याचं प्रमाणपत्र ज्या माणसाच्या सहीने गेलं होतं, त्याच्या कपाटात ते खोटं ठरवणारी डिस्क पडून होती.

साहेबांना लगेच कळलं नाही. ते खुशीत होते. "चला, काम सोपं झालं," म्हणाले आणि अकाउंटंटला हाक मारायला गेले.

हमीत 'लगेच' असं लिहिलं होतं. मी तीन दिवस काढले. पोर्टल उघडायची, बंद करायची. अनोळखी नंबरचा फोन आला की मुंबईचाच वाटायचा. एकदा गॅस एजन्सीवाल्याशी मी उभी राहून बोलले. नियामकाला खोटी माहिती दिल्यावर काय काय होऊ शकतं, ते मी परीक्षेसाठी पाठ केलेलं होतं. कंपनीवर कारवाई, सही करणाऱ्यावर कारवाई, माझ्याबद्दल आमच्या संस्थेला पत्र, चौकशी, सभासदत्व रद्द. भिंतीवरची ती फ्रेम रिकामी झालेली मला दिसायची. वाईट याचं वाटायचं की मला सगळे नियम माहीत होते. माहीत नव्हतं म्हणायचीसुद्धा सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सिडकोत गेले. अण्णा मेथी निवडत बसले होते. आई शेजारी गेली होती. मी सगळं सांगून टाकलं, डिस्क, मुदत, खण, प्रिंटर. अण्णांना कंपनीचं कामकाज कळत नाही असं मी आजवर समजत आले होते.

"सही त्यांचीच?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आन वरचं?"

"वरचं मी छापलं."

त्यांनी मेथीची एक काडी मोडली. मग म्हणाले, "माझ्या कागदाव बी सही माझीच व्हती."

मी आठवीत असतानाची गोष्ट. कामावर घेतानाच कंत्राटदाराने अण्णांच्या दोन कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन ठेवल्या होत्या. सगळ्यांच्याच घ्यायचे. अण्णांनी ओव्हरटाइमवरून तोंड उघडलं तेव्हा त्यातला एक कागद बाहेर आला, त्यावर टाइप केलेला राजीनामा. अण्णा सगळ्यांना सांगत फिरले की मी हे लिहिलंच नाही. जो तो सही दाखवायचा. ही तुमचीच ना? त्यानंतर कितीतरी वर्षं ते बँकेच्या साध्या स्लिपवरही सही करायला घाबरत. मी शिकावं असा त्यांचा हट्ट तिथूनच आला.

उरलेली मेथी अर्धी मी निवडली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनचं दार लावून घेतलं. म्हटलं, मुंबईला दुसरं पत्र द्यायचंय.

"द्या की. डिस्क सापडली म्हणून लिहा. सापडत्यात वस्तू."

"आणि सहीचं?"

"सहीचं काय? सही माझी हाय. मी काय नाय म्हणतोय का?"

"साहेब, उद्या त्यांनी बोलावून विचारलं, तुम्ही अर्ज वाचला होता का, तर?"

"वाचला होता म्हणीन."

"मग तिसरं पानही वाचलं असणार. तेव्हा घरातली डिस्क आठवली नाही?"

बाहेर प्रेस मशीनचे ठोके चालू होते. मी पुढे बोलले, कारण थांबले असते तर बोलले नसते. "वाचला होता म्हणालात तर तुम्ही जाणूनबुजून खोटं लिहिलं असं होतं. वाचला नव्हता म्हणालात तर मग वर छापलं कोणी, हा प्रश्न येतो. ते मी छापलं."

"म्हंजे मला सोडवायचं तर तुम्ही अडकणार."

"हो."

"आन हे तुम्ही मलाच सांगायला आलात." त्यांनी चष्मा काढला. "येडीच हाय बाई तुम्ही. पहिल्यांदाच डोकं चालवायचं ना, फोन करायचा."

"केला होता."

"दुसऱ्यांदा करायचा! मेलेल्या माणसापायी जित्यांची कामं थांबवतात का?" मग आवाज उतरला. "कोऱ्यावर सह्या करायची सवय माझी. तुमच्या आधीपास्नं हाय. ते पण लिहा. एकटं तुमचं नका लिहू."

मी पत्र लिहिलं. पहिल्या परिच्छेदात डिस्क. दुसऱ्यात, आता मागितलेली सगळी मुदत लागणार नाही, थोडी पुरेल. तिसऱ्यात, मागच्या अर्जातलं प्रमाणपत्र मी आधी सही असलेल्या कोऱ्या कागदावर छापलं, संचालकांनी तो अर्ज पाठवण्यापूर्वी वाचलेला नव्हता. ती ओळ मी तीनदा टाइप केली. साहेबांनी पत्र वाचायला घेतलं, प्रत्येक शब्दाखाली बोट. अडले की मला विचारत, मी अर्थ सांगे. दीड पानाला जवळजवळ तास गेला. तिसऱ्या परिच्छेदावर बोट थांबलं तेव्हा मला वाटलं, आता म्हणतील काढा. ते म्हणाले, "हितं माझ्या सवयीचं लिहिलं नाय." मी लिहिलं. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि सही केली. त्याखाली माझी. तो महिना संपायला अवकाश होता. खणात एकोणीस कोरे कागद उरले होते. साहेबांनी स्वतः एकेकावर आडवी रेघ मारली.

पत्र पोर्टलवर चढवलं आणि मूळ प्रत स्पीड पोस्टने पाठवली. पोस्टातल्या बाईंनी पाकिटाचं वजन केलं तेव्हा ते परत मागावंसं वाटलं. वाटलं एवढंच.

उत्तर पावणेदोन महिन्यांनी आलं. तोवर आम्ही डिस्कवरून हिशेब पुरे करून जाहीरही केले होते. कंपनीला तेवढ्या दिवसांपुरती सवलत मिळाली. साहेबांनी शेडवर पेढे वाटायला सांगितले, पण मी माझा पेढा कागदात गुंडाळून ठेवला, कारण शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य होतं: प्रमाणपत्राच्या बाबीचा विचार स्वतंत्रपणे केला जाईल.

त्याला आता बरेच महिने झाले. काही आलेलं नाही. पोर्टल मी रोज साडेनऊला उघडते, रिकामं असलं की चहा घेते. साहेब आता वाचल्याशिवाय सही करत नाहीत. त्यामुळे माझी निम्मी पत्रं अडतात, आणि मी कुरकुर केली की ते म्हणतात, "तुम्हीच लावली ना शिस्त? भोगा."

उत्तर आलं त्या रविवारी मी त्याची प्रत अण्णांकडे नेली होती. त्यांनी ते आधी इंग्रजीतून वाचायला लावलं, नुसतं ऐकायला, मग मराठीतून. शेवटच्या वाक्यापाशी त्यांनी मला थांबवलं.

"म्हंजे अजून काय झालं नाय."

"नाही."

"आन झालं तर? सांगतील का?"

"पत्र पाठवतील. माझं म्हणणं लेखी मागतील."

"सही लागंल?"

"लागेल."

अण्णांनी प्रत माझ्या हातातून घेतली, घडीवर घडी घातली आणि परत दिली. "मग लिहून झालं का मला वाचून दाखव. मंग कर सही."