कोंडीचा डवरा

कोंडी बेहड्याच्या वाडीत सून होऊन आली तेव्हा सासूने तिला चुलीआधी डवरा दाखवला. मे महिन्यात डोंगरातला ओहोळ आटला की त्याच्या पोटात वाळू उकरायची, खड्ड्याला दगडांचं कडं करायचं आणि खालून पाझरेल ते पाणी करवंटीने हंड्यात भरायचं. गुराढोरांनी तोंड घालू नये म्हणून वर करवंदीच्या काट्यांचं झाकण. चाळीस वर्षं त्या झाकणाची राखण कोंडी करते. तिला कोणी नेमलेलं नाही. बाकीच्या बायका करवंटी धसमुसळेपणाने बुडवतात आणि गढूळ पाणी पाहिलं की कोंडीचं डोकं फिरतं, एवढंच.

यंदा तर सोमवारी नातीची, रूपालीची हळद. पन्नास पाहुणे. रविवारी सकाळी कोंडीने दोनदा पाणी उपसून टाकलं, तिसरं निवळायला ठेवलं, काटे लावले आणि भाकरी खायला घरी गेली. तेवढ्यात ओहोळात मोटार शिरली.

मोटार नेरळच्या प्रवीणची. सहा दिवस ऑफिसच्या खुर्चीत बसणारा हा माणूस सातव्या दिवशी मोटारीच्या खुर्चीत बसून डोंगर जिंकायला निघतो. शेजारी आई आनंदीबाई, मागे बायको रोहिणी आणि मुलगी आरोही. चांगला रस्ता सोडायचा, दगडांवर आदळत वर चढायचं आणि घरी जाऊन कंबर शेकायची, याला ही मंडळी सहल म्हणतात. बघायचं काय, तर तापलेला कातळ आणि करपलेलं गवत. तेही काचा लावून, एसीत.

काट्यांचा ढीग आडवा आला तसा प्रवीण उतरला.

"कोणीतरी मुद्दाम ट्रॅक अडवलाय," असं म्हणत त्याने काठीने काटे लोटून दिले. खाली पाणी चमकलं. आता तरी कळावं! पण तो हरखलाच. "अरे वा, वॉटर क्रॉसिंग! आरोही, व्हिडिओ काढ!"

वीतभर पाणी हा गाडीने पार करणार होता. पुढचं चाक डवऱ्यात गेलं आणि तिथेच बसलं.

इंजिनाची बोंब ऐकून कोंडी उतारावरून धावत आली.

"बंद कर रं ते! जितकं गुरगुरवशील तितकं खाली जाईल!"

"सॉरी आजी, आम्हाला वाटलं, खड्डाच आहे."

"तुझ्या घरच्या नळात मी बोळा कोंबते नि म्हनते, मला वाटलं भोकच हाय. चाललं?"

रोहिणीने खिडकीतून हात बाहेर काढला. "आजी, पाण्याच्या दोन बाटल्या आहेत आमच्याकडे. घ्या ना."

"दोन? मंग काय, उद्या पन्नास पावनं जीभ लावून जातील!"

कोंडीने प्रवीणला चपटे दगड वाहून आणायला लावले, चाकाखाली घालायला लावले. त्याच्या हाताला काटे टोचले, पण गाडी त्याने एकदाची मागे काढली. डवऱ्याच्या जागी उरला चिखल. कडं ढासळलेलं, झरा बुजलेला. कोंडीने चिखलात हात घालून झरा चाचपला. संध्याकाळपर्यंत पाणी आलं नाही तर हळदीला पाहुण्यांपुढे ठेवायचं काय?

तिने करवंटी प्रवीणच्या हातात दिली. तो आइस्क्रीम काढावं तसा चिखल खरवडू लागला आणि बाजूची वाळू आणखी आत पाडली.

"ऊन लागतं" म्हणून इतका वेळ गाडीतच बसलेल्या आनंदीबाईंनी तेव्हा दार उघडलं. "सरक रं. कड पाडतोस सगळी."

त्यांनी पदर खोचला. आधी दगड काढले, बुडापासून पुन्हा रचले. उपसलेलं पाणी परत आत येऊ नये म्हणून उताराकडे लांब फेकलं. कोंडी बघत राहिली.

"कुठली गं तू?"

"लोधिवलीची. आमच्या शेताखाली व्हता असाच."

लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण सासूच्या तोंडून 'व्हता' रोहिणी आज पहिल्यांदा ऐकत होती.

"मंग ह्यानी काटं लोटलं तवा दिसलं नाय तुला?"

"दिसलं."

"नि गप बसलीस?"

आनंदीबाईंनी आवाज खाली आणला. "सुनेला ठाऊक नाय, आमी ओहोळातलं प्यायचो ते."

गाडीचा आला नव्हता एवढा राग कोंडीला या उत्तराचा आला. पोरगा अडाणी, त्याचं सोडा. ही तर जाणती!

"पानी प्यायल्याची लाज वाटली, नि बुजवल्याची नाय वाटली?"

आनंदीबाई करवंटीने उपसत राहिल्या.

"निवळल्याबिगर कुनी हलायचं नाय," कोंडीने फर्मावलं. डोंगर जिंकायला आलेलं कुटुंब मग उन्हात, कातळावर, तीन तास पाणी निवळायची वाट बघत बसलं. आरोहीच्या फोनला रेंज नव्हती. उन्हं कलली तेव्हा कुठे तळातली वाळू दिसू लागली. कोंडीने हंडा भरला, आनंदीबाईंनी तो तिच्या डोक्यावर चढवायला हात लावला.

"उद्या ये हळदीला, पानी भराय. गाडी नको आनू."

"येते गं. नक्की येते."

आल्या नाहीत. कोंडीने वाटही पाहिली नव्हती. पाणी पुरलं, हळद झाली, आणि मांडव उतरल्यावर कोंडीने चार बाप्ये धरून खालच्या वळणावर एक धोंडा आणून टाकला. माणूस जाईल, गुरं जातील, मोटार जाणार नाही. आता रविवारी खाली हॉर्न वाजतात, कोणीतरी वर ओरडून विचारतं, रस्ता कोणी अडवला?

"मी," कोंडी वरून सांगते. "मुद्दाम."